एका अक्षराची जुळी

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून इंदापूरच्या वाटेला लागते आणि काटेवाडीत विसावते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात. मग धनगर आपली मेंढरं घेऊन पुढे येतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. धूळ उडते, घंटा वाजतात, लोक गजर करतात. दुसऱ्या दिवशी सणसर सोडून पालखी बेलवाडीला पोचते, तिथं अश्वांचं गोल रिंगण असतं. रिंगण पाहणाऱ्याची नजर धावेवर खिळलेली असते. या लेखापुरती ती जरा खाली, पायांवर आणू.

मेंढी प्रत्येक पायाच्या दोन खुरांवर धावते. त्या खुरांच्या वर, मागच्या बाजूला, दोन खुरटी नखं असतात. ती जमिनीला टेकत नाहीत. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आपल्या मधल्या बोटाशी जुळणाऱ्या. कडेला उभा असलेला वारकरी पाच बोटांच्या पावलांनी देहूपासून चालत आलेला असतो. एक, दोन आणि पाच. पण गर्भात या तिघांचा पाय फुटतो तेव्हा तो सारखाच दिसतो: कुशीतून बाहेर आलेला एक चपटा कोंब. त्यात हाड नसतं, सांधा नसतो, नख तर नसतंच. कोंबातल्या सगळ्या पेशींजवळ जनुकांचा संचही एकच. मग वाटा फुटतात कुठे?

हा प्रश्न बारामतीच्या मातीत विचारायला एक खास कारण आहे. इथून नीरा ओलांडली की तीसेक किलोमीटरवर फलटण लागतं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, गेली तीसहून अधिक वर्षं मेंढ्यांवर काम चाललं आहे. त्या कामाच्या मुळाशी जे जनुक आहे ते याच बोटांच्या घडणीतलं आहे. मात्र फलटणला ते बोटांसाठी आणलेलं नव्हतं. आणलं होतं जुळ्या कोकरांसाठी. बोटं आणि जुळी यांचा संबंध काय, हे समजून घेताना जनुकं शरीराला आकार कसा देतात याची बरीच उकल होते.

आधी पायाचा कोंब पाहू. त्याच्या टोकाची कडा आतल्या पेशींना वाढत राहण्याचा संदेश देत असते. करंगळीच्या अंगाला एका छोट्या पट्ट्यात ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचं जनुक चालू होतं आणि त्यातून तयार झालेलं प्रथिन आजूबाजूला झिरपत जातं. करंगळीकडे ते दाट, अंगठ्याकडे विरळ. आपल्या वाट्याला किती आणि किती वेळ आलं, यावरून पेशीला आपली जागा कळते आणि त्या जागेला साजेशी जनुकं ती चालू करते. १९९३ मध्ये हे जनुक कोंबडीच्या आणि उंदराच्या भ्रूणांत सापडलं, तेव्हा कित्येक दशकांचं कोडं सुटलं. करंगळीच्या बाजूच्या पेशी उचलून अंगठ्याच्या बाजूला लावल्या की कोंबडीच्या पंखात बोटांची आरशातल्यासारखी दुसरी रांग उगवते, हे प्रयोगशाळांना आधीच माहीत होतं. आता तसं का होतं ते कळलं.

हेच जनुक मेंदूच्या आणि पाठीच्या कण्याच्या घडणीतही लागतं. म्हणजे ‘बोटांचं जनुक’ असं त्याला म्हणता येत नाही. पायात ते कधी आणि कुठे चालू व्हावं, हे ठरवणारा डीएनएचा एक छोटा तुकडा आहे. तो जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरं दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला आहे. या तुकड्यातलं एखादं अक्षर बदललं की काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या जादा बोट येत राहतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरातला हा तुकडा काढून तिथं सापाचा बसवला. जन्मलेल्या उंदरांना पायांच्या जागी नुसते खुंट होते. सॉनिक हेजहॉगला कोणी हातही लावला नव्हता; ते शाबूतच होतं.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला हे नीरा डाव्या कालव्यावरून पटकन कळेल. पाणी एकच. कुठल्या फाट्याला, कुठल्या पाळीला, किती दिवस ते सुटलं, यावर एका शिवारात ऊस डोलतो आणि कालव्याच्या वरच्या अंगाला ज्वारीही धड येत नाही. शरीराच्या आकाराचं बरंचसं गणित या सोडण्या-तोडण्यात आहे.

खुरांचंही तसंच. गाय आणि मेंढी एकाच कुळातली. २०१४ मध्ये गाईच्या भ्रूणांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की करंगळीकडून येणारा संदेश तिथंही निघतो, पण तो ओळखण्याची पेशींची रीत बदललेली असते. त्यामुळे कोंबाची एक बाजू दुसरीहून वेगळी होत नाही आणि मधली दोन बोटं जोडीनं, सारखी वाढतात. घोड्याची वाट निराळी. त्याच्या कोंबात सुरुवातीची आखणी बरीचशी नेहमीसारखी होते. नंतर मधल्या बोटाच्या दोन्ही बाजूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात आणि एकच बोट उरतं. भीमथडीच्या ज्या तट्टांवर धनगरांचं बिऱ्हाड लादून पावसाळ्याच्या आगेमागे कोकणात उतरतं आणि परत येतं, अलीकडेच ज्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंद झाली, त्यांचा एकेक खूर हा असा पेशींच्या नेमक्या जागी आलेल्या मरणातून उरलेला आहे.

मरणाचा हा हुकूम देणाऱ्या प्रथिनांच्या घराण्याचं नाव बीएमपी. पूर्ण नाव घेतलं तर ‘हाडाला आकार देणारी प्रथिनं’. ते नाव पडलं कॅलिफोर्नियातल्या मार्शल युरिस्ट या अस्थिशल्यचिकित्सकाच्या प्रयोगातून. त्यानं हाडातलं कॅल्शियम आम्लानं काढून टाकलं आणि उरलेला मऊ भाग प्राण्यांच्या स्नायूत पुरला. काही आठवड्यांनी त्या स्नायूत नवं हाड तयार झालेलं होतं. १९६५ मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. हाडात असं काहीतरी आहे जे भलत्या ठिकाणच्या पेशींनाही ‘हाड हो’ असं सांगतं, हे त्यावरून ठरलं. ते ‘काहीतरी’ नेमकं कोणतं, हे हाती यायला १९८८ उजाडलं.

ते हाती आल्यावर एक मोठा धक्का बसला. या प्रथिनांची घडण फळमाशीतल्या एका प्रथिनाशी जुळत होती, आणि फळमाशीला हाडं नसतात! माशीत तेच प्रथिन भ्रूणाची पाठ कोणती आणि पोट कोणतं हे ठरवतं. १९९३ मध्ये माणसाच्या बीएमपीचा मजकूर माशीच्या भ्रूणात घातला, तेव्हा तो तिथं कामाला लागला. माणूस आणि माशी यांचे पूर्वज पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही एकाची सूचना दुसऱ्याला कळते. मला या एका प्रयोगापुढे उत्क्रांतीवरची कितीतरी मोठी व्याख्यानं फिकी वाटतात.

याच धाग्याचं एक टोक पुण्यात आहे. आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं हायड्रावर काम करत आले. हायड्रा हा गोड्या पाण्यातला काही मिलिमीटरचा जीव. तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यातून नवा हायड्रा उभा राहतो, डोक्याच्या जागी डोकं आणि पायाच्या जागी पाय. त्यांनी अभ्यासलेला हायड्राचा वाण जगभरच्या शोधनिबंधांत पुण्याच्या नावानंच ओळखला जातो. बीएमपीला आवर घालणारं ‘नॉगिन’ नावाचं एक प्रथिन आहे. त्याचं जनुक या गटानं हायड्रात शोधलं आणि जपानी सहकाऱ्यांबरोबर ते बेडकाच्या भ्रूणात घालून पाहिलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की हायड्राच्या नॉगिनमुळे बेडकाच्या भ्रूणात शरीराचा दुसरा अक्ष उभा राहू लागला. हायड्राला पाठ नाही, पोट नाही, कणा नाही. तरी कणा असलेल्या प्राण्याचा आराखडा बदलण्याची ताकद त्याच्या जनुकात आहे. म्हणजे सामग्री आधीची, शरीरं नंतरची.

पुण्यातच, पाषाणच्या आयसर संस्थेत, एल. एस. शशिधर यांच्या गटानं फळमाशीचे पंख धरून हाच प्रश्न विचारला. माशीला पंखांची एकच जोडी असते. दुसरीच्या जागी तोल सांभाळणाऱ्या दोन इवल्या गाठी असतात. ‘अल्ट्राबायथोरॅक्स’ हे जनुक त्या जागी पंख होऊ देत नाही. ते तिथं बंद पडलं की चार पंखांची माशी जन्मते, हे एडवर्ड लुईस यांनी दाखवलं होतं आणि त्यासाठी १९९५ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. पण मधमाशीतही हे जनुक मागच्या जोडीत चालूच असतं, आणि तिथं व्यवस्थित पंख येतात. फरक या जनुकात शोधण्यापेक्षा त्याच्या हाताखालची कोणती जनुकं त्याचं ऐकतात, त्यात शोधावा लागतो. पुण्याच्या गटाचं बरंचसं काम या हाताखालच्या यादीवर झालं.

आता बोटांकडून जुळ्यांकडे येऊ.

बीएमपीचा संदेश पेशीला मिळतो तो तिच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरमधून. असे रिसेप्टर अनेक. त्यांतल्या एकाचं नाव बीएमपीआर-१बी. तो ५०२ अमिनो आम्लांची साखळी आहे. बोटांच्या कोंबात जिथं पेरं तयार व्हायची असतात तिथं तो हजर असतो. २००० मध्ये उंदरातलं हे जनुक काढून टाकलं तेव्हा पिल्लं जगली, पण त्यांच्या बोटांतली पेरं खुरटली किंवा आलीच नाहीत. २००३ मध्ये तर्जनीचं मधलं पेर जन्मतः आखूड असलेल्या काही माणसांत याच जनुकातले दोष सापडले. इथवर सगळं सरळ वाटतं: रिसेप्टर हाडांचा, दोष बोटांचा.

पण त्या उंदरांच्या माद्यांना पिल्लं होत नव्हती. बीजांडं तयार होत, पण पुढचं गाडं अडे. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी फ्रान्स, न्यूझीलंड आणि ब्रिटनमधले तीन गट वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचले. ऑस्ट्रेलियातल्या ‘बूरूला’ मेरिनो मेंढ्या एका वेतात तीन-तीन, चार-चार कोकरं देतात. त्यामागं एकच ठळक जनुक असावं असा अंदाज १९८० पासून होता; त्याला ‘फेक-बी’ असं नाव दिलेलं होतं. ते जनुक म्हणजे दुसरंतिसरं काही नव्हतं, हाच बीएमपीआर-१बी होता. त्याच्या मजकुरातलं ७४६ वं अक्षर बदललेलं: अ‍ॅडेनिनच्या जागी ग्वानिन. त्यामुळे २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येतं. एवढाच फरक.

या एका अक्षरानं रिसेप्टर बंद पडत नाही, त्याची वागणूक थोडी बदलते. बीजांडकोशात बीजाभोवती पेशींची एक पिशवी वाढत असते. साध्या मेंढीत एक पिशवी पुढे जाते आणि बाकीच्या मागे पडतात. बदललेलं अक्षर असेल तर पिशव्या लहान असतानाच पिकतात आणि एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात. बोटांच्या कोंबात मात्र या बदलाचा काही पत्ता लागत नाही. जुळी देणाऱ्या मेंढीचे खूर बिनजुळ्या मेंढीसारखेच असतात. जनुक तेच, बदल तोच. एका ठिकाणी त्याचा परिणाम दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही. म्हणून ‘हे कशाचं जनुक?’ असं विचारलं की उत्तर अर्धवट येतं. ते कुठे, केव्हा, कोणत्या सोबत्यांबरोबर कामाला लागतं, असं विचारावं लागतं.

बूरूलाची कुळकथा आपल्याला जवळची आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून काही मेंढ्या जहाजानं ऑस्ट्रेलियात गेल्या. त्यांचं रक्त तिथल्या मेरिनो कळपांत मिसळलं. पुढे न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ ‘बूरूला’ नावाच्या शेतावर सीअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्या निवडून कळप वाढवला. हेलन न्यूटन टर्नर या विदुषीनं १९५८ पासून त्यात लक्ष घातलं आणि बंगालशी असलेलं नातंही त्यांनीच सुचवलं. २००२ मध्ये सुंदरबनातल्या गरोल मेंढीची तपासणी झाली आणि तेच बदललेलं अक्षर तिच्यात सापडलं.

गरोल ही गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी बुटकी मेंढी. प्रौढ मादीचं वजन जेमतेम दहा-पंधरा किलो. पण जुळी तिला नेहमीची. फलटणच्या ‘नारी’त ती १९९० च्या दशकातच आली होती, म्हणजे तिच्या अंगातलं जनुक ओळखलं जाण्याच्या बरंच आधी. संस्थेतलं मेंढ्यांचं काम पाहणाऱ्या चंदा निंबकर यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. बारामती, इंदापूर, फलटण, माण, खटाव या पट्ट्यातली दख्खनी मेंढी वेताला एकच कोकरू देते. लोकरीला भाव उरलेला नाही. धनगराचं वर्षाचं उत्पन्न म्हणजे तीन-चार महिन्यांचं कोकरू विकून येणारा पैसा. मेंढ्यांची संख्या वाढवावी तर चराई कुठे आहे? बारामतीत सुपे-मोरगावकडचा जिरायत भाग, इंदापुरात कडबनवाडीसारखी गवताळ माळरानं, जिथं अजून चिंकारा दिसतो आणि लांडगाही. ही रानं आटत चालली आहेत. तेव्हा मेंढ्या तेवढ्याच ठेवून कोकरं वाढवायची.

निंबकरांच्या घराण्याबद्दल इथं थोडं थांबून सांगावंसं वाटतं. संस्था १९६८ मध्ये बी. व्ही. निंबकर यांनी काढली. त्यांच्या पत्नी लेखिका जाई निंबकर, इरावती कर्वे यांच्या कन्या. इरावतीबाई १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला ऑयगेन फिशर या मानववंशशास्त्रज्ञाकडे डॉक्टरेटसाठी गेल्या. कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल वंशावर अवलंबून असतो, असं फिशरला सिद्ध व्हायला हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध नसल्याचं लिहिलं. पुढे काही वर्षांतच त्या देशात शरीराच्या मापांवरून माणसांच्या जगण्या-मरण्याचे निकाल लागले. आकार आणि आनुवंशिकता यांचा विषय निघाला की हा भाग मला सांगितल्यावाचून राहवत नाही. मोजमाप प्रामाणिक असेल तर ते मोजायला लावणाऱ्याच्याही विरोधात जाऊ शकतं, हे त्या प्रबंधात दिसतं. चंदा निंबकर या त्याच इरावतीबाईंच्या नात.

फलटणला गरोलचा संकर लोणंदकडच्या दख्खनीशी झाला. पुढे कर्नाटकातली बन्नूर आणि इस्रायलची अवासी यांचंही रक्त आलं. अडचण पहिल्याच पिढीत दिसते. जुळी हवीत, पण गरोलचं ठेंगणं अंग नको. आणि जुळ्यांचा बदल एका अक्षरात असला तरी अंगाचं तसं नाही. उंची, वजन, छातीचा घेर, हाडाची जाडी यांत शेकडो जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. म्हणून उपाय निघाला तो असा: संकरित मेंढीला पुन्हा दख्खनी एडका द्यायचा, त्या पिढीतून फक्त फेक-बी असलेली जनावरं ठेवायची, आणि पुन्हा तेच. दर फेरीला गरोलचा वाटा निम्मा होत जातो. अंग दख्खनीचं होतं आणि ते एक अक्षर मात्र टिकतं.

पण अक्षर आहे की नाही हे ओळखायचं कसं? २००१ च्या आधी एकच मार्ग होता: मेंढी मोठी होऊ द्या, दोन-तीन वेतं पाहा आणि कोकरं मोजा. एडक्याच्या बाबतीत तर त्याच्या लेकी व्यायची वाट पाहावी लागे. जनुक सापडलं आणि हे सगळं रक्ताच्या थोड्याशा नमुन्यावर आलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता यांच्या गटानं ही डीएनए चाचणी बसवली. जनुकाचा तेवढाच तुकडा वाढवायचा, त्यावर एक विकर सोडायचं. बदललेलं अक्षर असेल तर ते तुकडा कापतं, नसेल तर नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाचीही साथ होती. चंदा निंबकर यांची डॉक्टरेट तिथलीच. या सगळ्यातून जो वाण उभा राहिला त्याचं नाव ‘नारी सुवर्णा’.

वाण संस्थेच्या गोठ्यात यशस्वी होणं आणि धनगराच्या वाड्यावर यशस्वी होणं यांत फार अंतर असतं. ‘नारी’नं धनगरांच्या कळपांत एडके दिले आणि वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, हा या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. जनुकाची एक प्रत असलेली मेंढी वेतामागे सरासरी सुमारे अर्धं कोकरू जास्त देते, असं त्यात दिसलं. अर्धं कोकरू म्हणजे दर दोन वेतांत एक जादा जीव. फार नाही. पण चालत्या कळपाला तेवढंच पेलतं. दोन प्रती आल्या तर तिळ्यांची शक्यता वाढते, आणि दिवसभर मैलोन्‌मैल चालणाऱ्या मेंढीच्या दोन सडांवर तीन कोकरं जगवणं अवघड. जुळ्यांचंही जन्मवजन एकट्या कोकरापेक्षा कमी असतं. विण्याआधीचे दीड-दोन महिने मेंढीला मूठभर मका किंवा पेंड, पहिले काही दिवस कोकरं वाघुरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) आत, दूध कमी पडलं तर वरचं दूध. एवढं केलं तर जादा कोकरू बाजारापर्यंत पोचतं. अक्षर बीज सोडतं, कोकरू वाढवायला घरातली बाई आणि पोरं राबतात. प्रयोगशाळेच्या अहवालांत हे श्रम अजून पुरते मोजले गेलेले नाहीत, असं माझं मत आहे.

मेंढीचा आकार बदलणारी आणखीही जनुकं आहेत. त्यांतली काही एकाच घराण्यातली निघावीत याचं नवल वाटतं. अवासीच्या शेपटीत चरबीचा गड्डा साठतो. चरबीदार शेपटीच्या मेंढ्यांत ज्या जागा सापडल्या त्यांत बीएमपी-२ हे जनुक आहे, आपल्या रिसेप्टरला संदेश देणाऱ्या बीएमपी घराण्यातलं. युरोपातली टेक्सेल मेंढी अंगानं भरदार असते. तिच्यात मायोस्टॅटिन या स्नायूंना आवरणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात, प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या भागात, एक अक्षर बदललेलं आहे. मायोस्टॅटिनही त्याच मोठ्या घराण्यातलं. शेपटीची लांबी काही मेरिनो कळपांत ‘हॉक्स-बी-१३’वर अवलंबून असते, आणि हॉक्स म्हणजे वर आलेल्या अल्ट्राबायथोरॅक्सच्याच कुळातली, डोक्यापासून शेपटीपर्यंतच्या जागा वाटून देणारी जनुकं. अमेरिकेत १७९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सेथ राइट या शेतकऱ्याच्या कळपात अगदी आखूड पायांचा एडका जन्मला. कुंपणावरून उड्या मारता येत नाहीत म्हणून शेजारपाजारच्यांनी ती जात मुद्दाम वाढवली. डार्विननंही तिचा उल्लेख केला आहे. पुढे ती नामशेष झाली. कुंपणाच्या आत राहणाऱ्या मेंढीला आखूड पाय चालतात; बारामतीहून कोकणात जाऊन येणाऱ्या मेंढीला ते चालणार नाहीत.

२०२५ मध्ये काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठानं मायोस्टॅटिन जनुकात बदल केलेलं भारतातलं पहिलं जनुकसंपादित कोकरू जन्मल्याचं जाहीर केलं. मांस जास्त मिळावं हा हेतू. तंत्र म्हणून ते मोठंच यश आहे. पण दख्खनीसाठी असा बदल सुचवणाऱ्यानं आधी एक पावसाळा वाड्याबरोबर चालून पाहावं. ज्या गाईंमध्ये मायोस्टॅटिन निसर्गतःच निकामी आहे, त्या बेल्जियन ब्लू जातीत वासरं एवढी भरदार असतात की प्रसूती बहुधा शस्त्रक्रियेनं करावी लागते. माळावर, रात्री, वाघुरीच्या आत ती कोण करणार? धनगर एडका निवडताना आधी पाय पाहतो, मग पाठ, मग त्याच्या आईचं दूध विचारतो. ही निवड शेकडो वर्षांची आहे आणि दख्खनीचं चिवट, उंच पायांचं, कमी चाऱ्यावर टिकणारं अंग तिनंच घडवलं आहे. फलटणच्या कामानं त्या अंगाला फारसा हात न लावता वेत बदललं, म्हणून ते मला शहाणपणाचं वाटतं.

एक गाठ मात्र अजून सुटायची आहे. दोन प्रती असलेला एडका साध्या दख्खनी कळपात सोडला, तर त्याच्या सगळ्या लेकींना एकेक प्रत मिळते. त्या लेकींना पुढं शेजारच्या वाड्यातला साधा एडका लागला, तर नातींपैकी निम्म्यांनाच ती मिळते. पुढच्या पिढीत त्याच्याही निम्म्या. धनगर साहजिकच जुळ्यातली पाठ, म्हणजे मादी कोकरू, ठेवतो, ही पुढं जुळी देईल या हिशोबानं. पण जुळ्यात जन्मणं ही तिच्या आईच्या जनुकाची खूण आहे, तिच्या स्वतःच्या नाही. निम्म्या वेळा हा हिशोब चुकतो. आणि डोळ्यांनी ओळखायची सोय नाही, कारण बोटं घडवणाऱ्या या जनुकाचा बदल खुरांत, कानांत, शिंगांत, चालीत कुठेच उमटत नाही. रक्त तपासल्याशिवाय इलाज नाही.

करोनानंतर अशा तपासणीची यंत्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आली आहेत. बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे; माळेगाव खुर्दला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था २००९ पासून उभी आहे. कोकरू तीन महिन्यांचं झालं की ते विकायचं की ठेवायचं हे ठरतं, त्यामुळे तपासणीचा निकाल त्याआधी धनगराच्या हातात पडायला हवा. पावसाळ्यात मेंढरं इकडे असतात, ती दिवाळीनंतर कोकणाकडे निघतात. नमुने घ्यायचे ते या मधल्या महिन्यांत, वाड्यावर जाऊन, किंवा लोणंदच्या गुरुवारच्या बाजारात.